इतिहास-भूगोलाचा तास पहिल्यांदा घेताना: छात्राध्यापकांसाठी आंतरवासितेची वाटचाल

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, एकूण वीस आठवड्यांची. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा अशी तिची विभागणी असते. महाविद्यालय पाठांची संख्या ठरवून देतं आणि टाचणवही (टाचण म्हणजे पाठाचं लेखी नियोजन) हातात ठेवतं. शाळा देते तो वर्ग बहुधा सहावी ते आठवीचा, तास मधल्या सुट्टीनंतरचा आणि विषय इतिहास-नागरिकशास्त्र किंवा भूगोल, कारण गणिताचा तास नवख्याच्या हाती द्यायला शाळा सहसा धजत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शिकवायला शिकण्यासाठी यापेक्षा बरा विषय मिळणार नाही.

सुरुवातीला सगळं लक्ष स्वतःच्या आवाजाकडं, टाचणाकडं आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांकडं असतं. ते हळूहळू मुलांच्या उत्तरांकडं सरकायला हवं. तेवढं सरकलं की बाकीचं बरंच आपोआप सुधारतं. पुढचे टप्पे त्या हिशेबानं लावले आहेत.

पहिला आठवडा: फक्त पाहायचं, पण मोजून पाहायचं

निरीक्षणवहीत ‘शिक्षकांनी विषय सोप्या भाषेत समजावला’ असं लिहून पान भरता येतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी वर्गातल्या बाकांचा आराखडा काढा: तीन रांगा, रांगेत सात-आठ बाक. शिक्षकांनी ज्याला प्रश्न विचारला त्या बाकावर एक रेघ, आणि मुलानं आपणहून काही विचारलं तर एक गोल. दोन तासांतच चित्र दिसतं. बऱ्याच वर्गांत रेघा पहिल्या दोन बाकांवर आणि मधल्या रांगेत दाटलेल्या असतात, आणि खिडकीकडची मागची बाकं कोरी राहतात. तुमचा तास सुरू झाला की तुमच्याकडूनही हेच होणार आहे, म्हणून हा कागद जपून ठेवा.

याच आठवड्यात चार गोष्टी मिळवा: विषयशिक्षकांचं घटक नियोजन (कोणता पाठ कोणत्या आठवड्यात), सहावी ते आठवी तिन्ही इयत्तांची बालभारतीची पुस्तकं, शाळेत कोणते नकाशे धड अवस्थेत आहेत त्याची यादी, आणि मुलांची नावं बाकांच्या क्रमानं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘ए निळ्या स्वेटर’ म्हणून हाक मारणाऱ्या नव्या बाईंचा किंवा सरांचा तास पहिल्या दहा मिनिटांतच हातचा जातो. रोज दहा नावं पाठ केली तर आठवडाभरात पन्नासचा वर्ग होतो.

सूक्ष्म अध्यापनाची सवय मोडणे

महाविद्यालयात सूक्ष्म पाठ झालेले असतात: सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं प्रत्याभरण (कसं झालं ते इतरांनी सांगणं), बारा मिनिटं पुन्हा नियोजन, परत सहा आणि सहा, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. एकेक कौशल्य सुटं करून घासायला ते चांगलं. फक्त तिथं ‘विद्यार्थी’ म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी असतात आणि हवं ते उत्तर हव्या त्या क्षणी देतात. बारा वर्षांची मुलं तसं करत नाहीत. तुम्ही ‘गावाचा कारभार कोण पाहतं?’ विचारता आणि उत्तर येतं ‘पोलीस’. टाचणात पुढं काय लिहिलंय हे पाहायला मान खाली गेली की तास निसटला.

म्हणून टाचण लिहितानाच प्रत्येक मोठ्या प्रश्नाखाली अपेक्षित उत्तराबरोबर दोन संभाव्य चुकीची उत्तरं लिहा, आणि त्यावर तुम्ही काय विचारणार तेही. ‘पोलीस’ आलं, तर: ‘नळाला पाणी आलं नाही तर पोलिसांकडं जाता का?’

टाचण: रकाने कुठं फसवतात

टाचणाचा नमुना महाविद्यालयागणिक बदलतो, पण अध्यापन मुद्दे, उद्दिष्टं व स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन आणि मूल्यमापन हे रकाने साधारण सगळीकडं असतात. तपासून घ्यायचा रकाना एकच, विद्यार्थी कृतीचा. त्यात ‘लक्षपूर्वक ऐकतात’, ‘निरीक्षण करतात’, ‘वहीत उतरवून घेतात’ हीच वाक्यं खाली-खाली येत असतील, तर तो पाठ मुलांसाठी रिकामा आहे. पस्तीस मिनिटांत निदान तीनदा मुलांनी काहीतरी शोधलं, जुळवलं, मोजलं किंवा लिहिलं पाहिजे.

उद्दिष्टांतही हाच घोळ होतो. ‘विद्यार्थ्यास ग्रामपंचायतीची माहिती होते’ हे तपासणार कसं? ‘ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांतले दोन फरक सांगतो’ हे एका चिठ्ठीवर तपासता येतं.

वेळेबद्दल: पस्तीस मिनिटांच्या तासात नियोजन सव्वीस-सत्तावीस मिनिटांचंच करा. आधीच्या तासाचे शिक्षक उशिरा निघतात, हजेरी राहिलेली असते, कुणीतरी सूचनावही घेऊन येतं. पूर्ण पस्तीस मिनिटं भरलेल्या टाचणात शेवटी कापला जातो तो भाग नेमका मूल्यमापनाचा, म्हणजे मुलांना काय कळलं हे समजण्याची एकमेव जागा.

एक पाठ जवळून: सहावी, ग्रामपंचायत

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्था येतात. रूढ प्रास्ताविक असं असतं: तुझ्या गावाचं नाव काय, गावात कोणकोणत्या सोयी आहेत, त्या कोण पुरवतं… ‘तर आज आपण ग्रामपंचायतीची माहिती घेणार आहोत.’ फळ्यावर शीर्षक. मुलांना हा खेळ चौथीपासून पाठ आहे. पाचवं उत्तर येण्याआधीच मागून कुणीतरी ‘ग्रामपंचायत’ म्हणून टाकतं.

त्याऐवजी घरपट्टी-पाणीपट्टीची एक खरी पावती घ्या. नाव आणि मालमत्ता क्रमांक कागदाची पट्टी चिकटवून झाका आणि दहा झेरॉक्स काढा. पंचेचाळीस मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचांचे नऊ गट होतात, एक प्रत तुमच्यासाठी. क्रम असा:

१. प्रती वाटायच्या आधी काम सांगा. वाटल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही. काम एवढंच: पावती कोणी दिली, पैसे कशाकशाचे घेतले, हे शोधून वहीत लिहा. चार मिनिटं.

२. फळ्यावर दोन रकाने: ‘कर’ आणि ‘त्याबद्दल काय मिळतं’. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे शब्द मुलं पावतीवरून वाचतात. दुसरा रकाना त्यांनी भरायचा. सहा मिनिटं.

३. मुख्य प्रश्न: ‘दिवाबत्ती कर भरला आहे, पण शाळेच्या वळणावरचा दिवा दोन महिने बंद आहे. आता कुणी, कुठं, काय बोलायचं?’ गटात तीन मिनिटं, मग उत्तरं. ग्रामसभा, सदस्य, सरपंच, ग्रामसेवक ही सगळी पदं याच उत्तरांतून बाहेर येतात. त्यांची कामं पुस्तकातून ताडून घ्यायची. दहा मिनिटं.

४. शेवटी पाव कागदावर चिठ्ठी: ग्रामसभेला कोण जाऊ शकतं आणि ग्रामपंचायतीत कोण बसतं? तीन मिनिटं.

तिसऱ्या टप्प्यावर हमखास येणारं एक उत्तर आहे: ‘आमच्याकडं सरपंचबाईंचे मिस्टरच बघतात सगळं.’ वर्ग हसतो. नवखे शिक्षक इथं गडबडून ‘असं बोलायचं नाही’ म्हणतात आणि पुढं सरकतात. खरं तर अख्ख्या पाठातलं सर्वांत जिवंत वाक्य तेच असतं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, हे पुस्तकातलं कोरडं वाक्य आता त्याला जोडता येतं. विचारा: ‘ठरावाखाली सही कुणाची चालते? बैठकीचं अध्यक्षस्थान कुणाचं?’ मुलं स्वतःच पद आणि व्यक्ती यांतला फरक मांडतात. एक पथ्य मात्र पाळा. गावच्या सरपंचांचं नाव घ्यायचं नाही, कारण त्यांचा मुलगा, नाहीतर विरोधी पॅनेलमधल्या कुणाची तरी पुतणी, समोरच बसलेली असू शकते. बोलायचं ते पदाबद्दल.

आणखी एक खड्डा आहे. सरपंच कसा निवडला जातो, हे पुस्तकाच्या जुन्या प्रतीवरून सांगाल तर वर्गात तोंडघशी पडाल. थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. मधल्या काळात सदस्यांमधून निवड होत होती. शिवाय २०२४ मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, गावात मात्र अजून ग्रामसेवकच म्हणतात. नागरिकशास्त्राचा कुठलाही पाठ घेण्याआधी पुस्तकातला नियम आज लागू आहे का, हे तपासायला दहा मिनिटं ठेवा. फरक आढळला तर लपवू नका. फळ्यावर दोन्ही लिहा आणि कायदा बदलतो हेही शिकवा. चाचणीत कोणतं उत्तर धरायचं ते विषयशिक्षकांना आधीच विचारून मुलांना सांगा.

‘समजलं का?’ हा प्रश्न बंद

या प्रश्नाला आजवर एकाच सुरात एकच उत्तर मिळालंय: ‘होऽऽ बाई!’ त्यातून कुणाला काय समजलं हे कळत नाही. दोन बदल करा. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा, मग नाव घ्या. आधी नाव घेतलं की बाकीचे चव्वेचाळीस मोकळे होतात. पाच आकडे मोजताना होणारी शांतता सुरुवातीला अंगावर येते. पहिल्या पंधरवड्यात बहुतेक जण दुसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देऊन मोकळे होतात. दुसरा बदल: महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर आधी सगळ्यांनी वहीत एका ओळीत लिहायचं, तुम्ही बाकांमधून फिरत वाचायचं, आणि मग तीन वेगळी उत्तरं निवडून मोठ्यानं वाचायला लावायची. त्यांपैकी एखादं अर्धवट बरोबर असलेलं निवडा. बोलणं त्यावरच होतं.

आपण किती बोलतो याचा अंदाज कुणालाच नसतो. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मोबाईल टेबलावर ठेवा आणि फक्त आवाज ध्वनिमुद्रित करा. मुलांचं चित्रीकरण करू नका. घरी ऐकताना घड्याळ लावून तुमची मिनिटं आणि मुलांची मिनिटं वेगळी मोजा. तिसऱ्या आठवड्यात एकदा, दहाव्यात एकदा. निरीक्षकांच्या शेऱ्यांपेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतात.

इतिहासाचा तास: सुतळी आणि ‘का?’

सातवीत शिवकाल ते मराठी सत्तेचा अस्त असा मोठा पल्ला आहे. मुलांना गोष्टी माहीत असतात, पण त्यांतलं अंतर माहीत नसतं. पानिपत हे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर लगेच झालं, असं कित्येकांना वाटतं. दोन मीटर सुतळी घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. १६३० ते १८१८ हे १८८ सेंटिमीटर, दोन मीटरांत बरोबर मावतं. १६३० (शिवजन्म), १६७४ (राज्याभिषेक), १६८० (महाराजांचं निधन), १६८९ (संभाजी महाराजांची हत्या), १७०७ (औरंगजेबाचा मृत्यू), १७६१ (पानिपत), १८१८ (मराठी सत्तेचा अस्त) अशा चिठ्ठ्या कपड्याच्या चिमट्यांनी लावा. १६८० ते १७०७ हे सत्तावीस सेंटिमीटर म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत चाललेली झुंज. १६८० ते १७६१ हे एक्क्याऐंशी सेंटिमीटर पाहिल्यावर पानिपताबद्दलचा गैरसमज वेगळा खोडावा लागत नाही. अडचण अशी की १६७४ आणि १६८० मध्ये सहाच सेंटिमीटर आणि पुढं १६८९ पर्यंत नऊ, त्यामुळं चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात. एक सुतळीच्या वर, एक खाली, अशा लावा आणि चिठ्ठी पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नका. सुतळी ताणून धरायला दोन मुलं उभी करा. खिळ्याला बांधली तर सैल पडते आणि मोजमाप चुकतं.

नुसता सनावळीचा तास करू नका. जून १६६५ चा पुरंदरचा तह घ्या. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मुघलांना दिला, बारा किल्ले महाराजांकडं राहिले. फळ्यावर तेवीस आणि बारा हे दोनच आकडे लिहा आणि विचारा, असा तह का केला असेल? पहिली उत्तरं घोषणेसारखी येतात. ‘पुस्तकातलं कोणतं वाक्य तुझ्या बाजूनं आहे?’ हा प्रश्न लगेच जोडा. पुढच्या पाठात हे किल्ले परत कसे येतात ते दिसतं, तेव्हा आजची उत्तरं वहीत तारखेसह ठेवायला सांगा. मुलांना स्वतःचंच मत तपासायला मिळतं.

भाषेबाबत दोन गोष्टी. महाराजांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनातच करायचा, घाईतही. आणि लढाई ज्या सत्तेशी झाली तिचं नाव घ्या: आदिलशाही, मुघल, सिद्दी, पोर्तुगीज. सत्तेच्या जागी धर्माचं नाव घातलं की इतिहासही चुकतो आणि वर्गातलं एखादं मूल मान खाली घालून बसतं.

भूगोल: बटाटा का फिरतो

सातवीत समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, येतात. बटाट्याचा प्रयोग सगळे करतात आणि अर्ध्या वर्गाच्या रेषा एकमेकींना छेदतात. कारण साधं आहे: काप उचलून कागदावर ठेवताना तो फिरतो. उपाय: मोठा बटाटा उभा अर्धा कापा, सपाट बाजू खाली ठेवा आणि काप करण्याआधी दाभणानं वरून खालपर्यंत दोन भोकं पाडा. मग एकेक सेंटिमीटरचे आडवे काप. सर्वांत खालचा काप कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा आणि दोन्ही भोकांतून टिंबं द्या. पुढच्या प्रत्येक कापाची भोकं त्याच टिंबांवर आणायची. टिंबं जुळली की रेषा छेदत नाहीत. आडव्यातिडव्या आकाराचा बटाटा घ्या. गुळगुळीत गोल घेतलात तर उतार सगळ्या बाजूंना सारखाच येतो आणि एका बाजूचा तीव्र, दुसऱ्या बाजूचा मंद असा फरक दाखवता येत नाही. सुरी फक्त तुमच्या हातात. काप मधल्या सुट्टीत करून ठेवा. (सुरणाचा आकार झकास असतो, पण पंचेचाळीस खाजणारे हात घेऊन पुढच्या तासाच्या बाई तुम्हाला शोधत येतील.)

आठवीच्या स्थानिक वेळेत (त्या-त्या ठिकाणच्या मध्यान्हावरून ठरणाऱ्या वेळेत) वेगळा धोका आहे. भारताची प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची, एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ७२°५०′ वर, म्हणजे सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागं. नागपूर ७९°०५′ च्या आसपास, म्हणजे चौदा मिनिटांच्या जवळपास. एकाच राज्यात पंचवीस मिनिटांचा फरक, मुलांना हे गणित आवडतं. उत्साहानं मैदानात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवाल, तर ती गणिताशी जुळेलच असं नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्यामुळं मुंबईत खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा-बाविसच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला बारा-त्रेपन्नच्या सुमारास होते. हे माहीत नसलं की शिक्षक मुलांची नोंद चुकीची ठरवतात. नोंद बरोबर असते.

शिस्त, थोडक्यात

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. छडी तर नाहीच, उठाबशा आणि वर्गासमोर अपमानही नाही. गोंधळ बहुतेकदा सामान वाटताना, गट करताना आणि तुम्ही फळ्याकडं पाठ करून लिहिताना होतो. गट आधीच ठरवून फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, वाटपाला प्रत्येक रांगेचा एक जण नेमा, नकाशाचा आराखडा तासाआधी काढून ठेवा. फळ्यावरचं अक्षर चार-पाच सेंटिमीटर उंच असावं. शेवटच्या बाकावर बसून एकदा स्वतः वाचून पाहा.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग

तासाच्या शेवटी घेतलेल्या पाव कागदाच्या चिठ्ठ्यांना गुण देत बसू नका. त्याच दिवशी, दहा मिनिटांत तीन ढीग करा: कळलं, अर्धवट, नाही. तिसऱ्या ढिगात एक तृतीयांशाहून जास्त चिठ्ठ्या असतील, तर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं तोच मुद्दा दुसऱ्या उदाहरणानं. महाराष्ट्रातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (शिकवता-शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) यांचा भार निम्मा-निम्मा, तर सातवीला चाळीस-साठ ठरवलेला आहे. त्यामुळं तारीख घातलेल्या या चिठ्ठ्या विषयशिक्षकांनाही आकारिक नोंदींसाठी उपयोगी पडतात.

त्याच बैठकीत स्वतःची नोंद तीन ओळींत लिहा: काय विचारलं, मुलं काय म्हणाली, उद्या काय बदलणार. दुसऱ्या आठवड्यातली नोंद साधारण अशी असते: ‘वेळ पुरला नाही, मागची मुलं बोलत होती, आवाज वाढवायला हवा.’ दहाव्या आठवड्यात ती अशी व्हायला हवी: ‘सात जणांनी ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची बैठक असं लिहिलं. सभा हा शब्द त्यांना फसवतोय. उद्या मतदार यादीपासून सुरुवात.’ पहिल्या नोंदीत शिक्षक आहे, दुसरीत मुलं. मार्गदर्शक प्राध्यापकांना टाचणवहीबरोबर हीही वही दाखवा. निरीक्षणाला बसण्याआधी एकच गोष्ट पाहायला सांगा, ‘मी थांबते का ते बघा’ किंवा ‘खिडकीकडच्या रांगेला किती प्रश्न गेले ते मोजा’. असं न सांगितल्यास शेरा येतो ‘आवाज चांगला, फलकलेखन सुधारावे’, आणि तो कुणालाही लागू पडतो.

अंतिम पाठाबद्दल एकच सूचना. परीक्षक येणार म्हणून तोच पाठ त्याच वर्गावर आधी घेऊन ठेवू नका. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत चाळीस हात वर गेले की परीक्षकांना सगळं कळतं, त्यांनीही कधीकाळी हेच केलेलं असतं.

शेवटच्या आठवड्यात वर्ग विषयशिक्षकांच्या हाती परत द्यायचा असतो, तो नीट द्या. कोणते पाठ पूर्ण झाले, कोणता कुठल्या पानावर थांबला, कोणत्या मुद्द्यावर तिसरा ढीग मोठा होता, हे एका पानावर लिहून द्या. नकाशे गुंडाळून, दोऱ्या बांधून कपाटात. तपासायला घेतलेल्या वह्या मोजून परत. आणि पहिल्या आठवड्यातला तो बाकांचा आराखडा काढा, मैत्रिणीला किंवा मित्राला तुमच्या शेवटच्या तासाला मागं बसवा आणि तसाच दुसरा कागद भरून घ्या. खिडकीकडच्या मागच्या बाकांवर किती रेघा आल्या, ते पाहून मग अहवाल लिहायला बसा.